सह्याद्रीच्या जंगलाचा कारभार एका डॉक्टरच्या हाती कसा गेला? डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची गोष्ट

तळेघर हे आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातलं, घोडेगावहून भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. उन्हाळ्यात या पट्ट्यातल्या अंगणांत बाळहिरडा वाळत घातलेला दिसतो. भात, नाचणी आणि वरईवर वर्ष निघत नाही, तेव्हा हिरड्याचे पैसे घराला आधार देतात. हिरडा मुळात औषधी. त्रिफळ्यातल्या तीन फळांपैकी हे एक.

याच डोंगरांत जमिनीचे दोन प्रकार लहान मुलालाही ठाऊक असतात. एक आपली मालकीची आणि दुसरी फॉरेस्टची. फॉरेस्टच्या जमिनीत कुऱ्हाड चालवायची नाही, नांगर घालायचा नाही, गुरं नेतानाही विचार करायचा. ही विभागणी आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधीतरी सुरू झाली असेल हेच लक्षात येत नाही.

पश्चिम महाराष्ट्रात तिची पायाभरणी करणारा माणूस लष्करी अधिकारी नव्हता, महसुली कलेक्टर नव्हता आणि लाकडाचा व्यापारीही नव्हता. तो डॉक्टर होता. त्याचं नाव अलेक्झांडर गिब्सन. मुंबई इलाख्याचा हा पहिला वनसंरक्षक. त्याच्या कामाचा एक मोठा तळ तळेघरच्या शेजारच्याच जुन्नर तालुक्यात, हिवरे इथं होता.

स्कॉटलंडहून मुंबईला

गिब्सन यांचा जन्म १८०० साली स्कॉटलंडमधल्या लॉरेन्सकर्क या गावचा. वैद्यकीय शिक्षण त्यांनी एडिनबरा इथं घेतलं. त्या काळी एडिनबरात वैद्यकाच्या विद्यार्थ्याला वनस्पतिशास्त्र शिकावंच लागे. कारण सरळ होतं. औषधं बहुतेक झाडापाल्याचीच होती. मूळ, साल, पान आणि बी ओळखता येत नसेल, तर तो डॉक्टर कसला?

शिक्षण संपल्यावर अनेक स्कॉटिश तरुणांप्रमाणे त्यांनीही ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत नोकरी धरली आणि १८२० च्या दशकात ते मुंबई इलाख्यात आले. इथं त्यांनी मराठी, हिंदुस्थानी आणि गुजराती या भाषा शिकून घेतल्या. पुढं हे भाषाज्ञान त्यांना फार उपयोगी पडलं.

कंपनीच्या नोकरीतला डॉक्टर फक्त रोगी तपासत नसे, हे इथं समजून घ्यायला हवं. कंपनीकडं शास्त्र शिकलेली माणसं मोजकी होती आणि त्यातले बरेच डॉक्टर होते. त्यामुळं ज्या कामाला थोडं शास्त्र लागेल ते काम डॉक्टरकडं जाई. कुणाला तुरुंगाची देखरेख मिळे, कुणाला बागेची. कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूची पारख करणारे होरेस विल्सन हे डॉक्टर होते आणि संस्कृतचे पंडित म्हणूनही तेच गाजले. हिंदुस्थानी भाषेचं व्याकरण आणि कोश रचणारे जॉन गिलख्रिस्टही डॉक्टरच होते.

देवी टोचणारा साहेब

गिब्सन यांचा महाराष्ट्राच्या खेड्यांशी जवळचा संबंध आला तो देवीच्या लशीमुळं. १८३६ ते १८३८ या काळात दख्खन आणि खानदेशात देवी टोचण्याचं काम त्यांच्याकडं होतं.

देवीची लस मुंबईत पहिल्यांदा १८०२ साली ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. बर्फ नाही, शीतपेटी नाही, अशा काळात लस जिवंत ठेवायची कशी? त्यावर उपाय एकच होता. एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातला द्रव घ्यायचा आणि दुसऱ्याच्या दंडावर टोचायचा, मग दुसऱ्याचा तिसऱ्याला. ही साखळी तुटली की लस संपली. १८२७ पासून मुंबई इलाख्यात यासाठी फिरते टोचणारे नेमले गेले आणि त्यांच्यावर देखरेख करायला युरोपीय डॉक्टर ठेवले गेले.

हे काम करायचं तर गावोगाव फिरणं आलं. पाटलाला राजी करा, आयाबायांची समजूत काढा, ज्या रोगाला लोक देवी मानतात त्याबद्दल जपून बोला. अशा फिरस्तीत डॉक्टरला गाव आतून दिसतं. विहिरीला पाणी किती, पीक कसं आलं, कुठला ओढा कोणत्या महिन्यात आटतो आणि लोक सरपणासाठी किती लांब जातात, हे सगळं कळतं. महसूल मागायला येणाऱ्या कारकुनाला लोक जे सांगत नाहीत, ते डॉक्टरला सांगतात. गिब्सन यांची पुढची सगळी कारकीर्द या माहितीवर उभी राहिली.

दापोडी आणि हिवरे

१८३८ च्या सुमारास गिब्सन यांच्याकडं दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाची जबाबदारी आली. पुण्याजवळ मुळा-पवनेच्या परिसरात असलेली ही बाग गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ साली सुरू झाली होती. पेशवाईच्या अखेरच्या काळातल्या कॅप्टन फोर्डच्या बंगल्याचं ते आवार. गिब्सन यांच्या आधी बाग सांभाळणारे चार्ल्स लश हेही डॉक्टरच.

या बागेची दुसरी शाखा जुन्नर तालुक्यात हिवरे इथं होती. हिवऱ्याच्या बागेचं काम शोभेचं नव्हतं. सैन्याला आणि दवाखान्यांना लागणारी औषधं तेव्हा विलायतेहून जहाजानं येत. ती महाग पडत आणि कित्येकदा पोहोचेपर्यंत निकामी झालेली असत. तीच औषधं इथल्या मातीत पिकवता आली तर? सोनामुखी, खुरासानी ओवा यांसारख्या औषधी वनस्पतींची लागवड करायची, त्यांचा अर्क काढायचा आणि तो मुंबईच्या सरकारी औषध भांडाराला पुरवायचा, असा हा खटाटोप होता.

दापोडीच्या बागेत गिब्सन यांनी एका चित्रकाराकडून वनस्पतींची रंगीत चित्रं काढून घेतली. त्या चित्रकाराचं नाव इतिहासाला ठाऊक नाही. चित्रं मात्र आजही एडिनबरा इथल्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवलेली आहेत आणि दापोडीची चित्रं म्हणूनच ती ओळखली जातात.

डोंगराचं निदान

बागेच्या कामासाठी गिब्सन सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि खाली कोकणात फिरत होते. त्यांना जागोजागी एकच गोष्ट दिसू लागली. डोंगर उघडे पडत चालले होते.

याची कारणं अनेक होती. मुंबईच्या गोदीत जहाजं बांधायला सागवान हवं होतं. वाढत्या मुंबईला इमारती लाकूड आणि सरपण लागत होतं. पेशवाई १८१८ साली संपल्यावर कंपनीनं लागवडीखालची जमीन वाढवण्यावर भर दिला, कारण जास्त लागवड म्हणजे जास्त सारा. शिवाय डोंगरातली फिरती शेती होती. झाडोरा तोडून वाळवायचा, जाळायचा, त्या राखेत एकदोन वर्षं नाचणी-वरई घ्यायची आणि मग ती जागा मोकळी सोडून पुढं जायचं. तळकोकणात हिला कुमरी म्हणत आणि उत्तर कोकणात दळी.

१८४० च्या दशकात गिब्सन यांनी सरकारला जी पत्रं आणि अहवाल पाठवले, त्यांत फक्त लाकडाच्या टंचाईचं रडगाणं नव्हतं. घाटावरची झाडी गेली की पावसाचं पाणी मुरत नाही आणि झरे लवकर आटतात, असं त्यांचं म्हणणं होतं. उताराची माती वाहून खाली जाते, कोकणातल्या खाड्या गाळानं भरतात आणि जिथपर्यंत पूर्वी होड्या जात तिथपर्यंत त्या जाईनाशा होतात, हेही त्यांनी लिहिलं. म्हणजे घाव वर बसतो आणि दुखणं खाली उमटतं. रोग्याच्या शरीराकडं पाहावं तसं त्यांनी डोंगराकडं पाहिलं.

झाडं तोडल्यानं पाऊसच कमी होतो, हा त्या काळातल्या अनेक डॉक्टरांचा दावा होता. जंगल आणि पाऊस यांचं नातं इतकं सरळ नाही, असं आज शास्त्रज्ञ सांगतात. माती आणि झऱ्यांबद्दल गिब्सन यांनी जे लिहिलं ते मात्र सह्याद्रीत राहणाऱ्या कुणालाही आजही पटेल.

सरकारनं डॉक्टरचंच का ऐकलं?

जंगल राखण्यासाठी अधिकारी नेमण्याची ही पहिली वेळ नव्हती. १८०६ साली कंपनीनं मलबारमध्ये कॅप्टन वॉटसन या पोलीस अधिकाऱ्याला वनसंरक्षक नेमलं होतं. त्यानं सागवानावर सरकारची मक्तेदारी लादली, खासगी जमिनीवरची झाडंही सरकारी ठरवली. जमीनमालक आणि व्यापारी इतके संतापले की १८२३ साली सरकारला ते पदच रद्द करावं लागलं. लोकांना त्यात फक्त सरकारची लूट दिसली होती.

डॉक्टरची गोष्ट वेगळी होती. त्या काळी रोगाचं कारण हवा, पाणी आणि जमिनीत शोधलं जाई. दलदलीतून, कुजक्या हवेतून ताप येतो असं वैद्यकशास्त्र मानत होतं. म्हणून एखाद्या जिल्ह्याची जमीन, पाऊस आणि झाडी यांची नोंद ठेवणं हे डॉक्टरचं कामच समजलं जाई. जंगल तुटल्यानं दुष्काळ आणि रोगराई येईल असं डॉक्टर म्हणाला, तर तो आपल्या विषयावर बोलतोय असं सरकारला वाटे. आणि त्यात त्याचा काही व्यापारी स्वार्थ आहे असा संशयही येत नसे.

असं बोलणारे गिब्सन एकटे नव्हते. मद्रास इलाख्यात डॉ. एडवर्ड बाल्फोर झाडं आणि हवामान यांच्या संबंधावर लिहीत होते. १८५० साली ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेनं भारतातल्या जंगलतोडीचा अभ्यास करायला समिती नेमली. तिचे प्रमुख डॉ. ह्यू क्लेगहॉर्न होते आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. रॉयल हे सदस्य होते. क्लेगहॉर्न पुढं १८५६ साली मद्रास इलाख्याचे वनसंरक्षक झाले. १८६४ साली पंजाबचे पहिले वनसंरक्षक झालेले स्ट्युअर्ट हेही डॉक्टर. एकमेकांची पत्रं आणि अहवाल वाचणाऱ्या या डॉक्टरांनी कंपनी सरकारला जंगल हा सरकारच्या जबाबदारीचा विषय आहे हे पटवून दिलं.

या सगळ्यांत गिब्सन यांची नेमणूक लवकरची. १८४७ साली ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. देवी टोचणारा डॉक्टर आता एका अवाढव्य प्रदेशातलं कोणतं झाड तोडायचं आणि कोणतं राखायचं हे ठरवू लागला.

औषध कडू होतं, पण कुणासाठी?

पुढची सुमारे १३ वर्षं गिब्सन या पदावर होते. हाताखाली माणसं थोडी आणि मुलूख मोठा, अशी स्थिती. त्यांनी सागवानाची तोड मर्यादित करण्याचा प्रयत्न केला, मोकळ्या जागी रोपं लावली, नदी-ओढ्यांच्या काठची आणि घाटमाथ्यावरची झाडी राखण्यावर भर दिला. डोंगरातल्या फिरत्या शेतीवर त्यांचा मोठा रोख होता. ती आवरली पाहिजे असं त्यांचं ठाम मत होतं.

इथंच या गोष्टीतला पेच आहे.

जंगल कमी होण्याला गोदी, शहर, सारावाढ आणि फिरती शेती अशी अनेक कारणं होती. त्यांतल्या गोदीला आणि साऱ्याला हात लावणं गिब्सन यांच्या हातात नव्हतं. तो सरकारच्या धोरणाचा भाग होता आणि गिब्सन सरकारचे नोकर होते. १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि रुळांखालच्या स्लीपरसाठी लाकडाची नवी भूक जन्माला आली. तिला अडवणंही त्यांना शक्य नव्हतं. हात पोहोचत होता तो डोंगरावर कुऱ्हाड घेऊन उभ्या असलेल्या माणसापर्यंत.

तो माणूस आधीच अडचणीत होता. जुन्नर, आंबेगाव आणि अकोल्याच्या डोंगरांतले महादेव कोळी पेशवाईत किल्ले आणि घाट राखत. कंपनीचं राज्य आल्यावर किल्ल्यांवरच्या नोकऱ्या गेल्या आणि सारा व सावकार वाढले. याच डोंगरांत राघोजी भांगरे यांनी १८४० च्या दशकात बंड उभारलं. मे १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. गिब्सन वनसंरक्षक झाले त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. सरकार एका हातानं या डोंगरातलं बंड मोडत होतं आणि दुसऱ्या हातानं तिथलं जंगल वाचवायला निघालं होतं.

डोंगरातल्या लोकांची स्वतःची राखण्याची रीत होती, हेही विसरून चालणार नाही. आंबेगाव तालुक्यात आजही देवराया आहेत. देवाच्या नावानं सोडलेल्या या रानातली काडीसुद्धा लोक तोडत नसत. हिरड्याचं झाड सरपणासाठी कुणी पाडत नसे, कारण दरवर्षी फळ देणारं झाड तोडणं हा शुद्ध वेडेपणा होता. विसाव्या शतकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा या रीतीचं शास्त्रीय महत्त्व सगळ्यांपुढं आलं. गिब्सन यांच्या काळातल्या जंगल कारभारात मात्र गावानं राखायचं आणि गावानंच ठरवायचं, या विचाराला जागा मिळाली नाही.

ग्रंथ आणि अखेर

कारभाराबरोबर गिब्सन यांचं लेखन चालू होतं. मुंबई इलाख्यातल्या जंगलांची माहिती देणारी त्यांची पुस्तिका १८५७ साली निघाली. १८६० साली ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी निकोल डालझेल आले. दोघांच्या नावानं १८६१ साली प्रसिद्ध झालेला बॉम्बे फ्लोरा हा ग्रंथ मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची पहिली मोठी शास्त्रीय नोंद मानला जातो. सह्याद्रीतल्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांना आजही त्याचा संदर्भ द्यावा लागतो.

निवृत्तीनंतर गिब्सन स्कॉटलंडला परतले. १८६७ साली त्यांचं निधन झालं. दापोडीची बागही त्याच दशकात बंद झाली आणि पुढं गणेशखिंडीत नवी बाग उभी राहिली.

डॉक्टर गेला, खातं राहिलं

गिब्सन यांच्या हयातीतच, १८६४ साली, भारतभरासाठी वन खातं सुरू झालं. त्याचे पहिले प्रमुख डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १८६५ साली पहिला वन कायदा आला आणि १८७८ सालच्या दुसऱ्या कायद्यानं राखीव जंगलांची चौकट पक्की केली. आता झरे, माती आणि हवा यांच्यापेक्षा लाकडाचं उत्पन्न महत्त्वाचं झालं. डॉक्टरांनी मांडलेलं कारण कागदावर राहिलं आणि त्या कारणानं मिळालेला अधिकार मात्र खात्याकडं कायम राहिला.

त्याचा भार कुणावर पडला हे लवकरच दिसलं. भाताच्या रोपवाटिकेसाठी डोंगरात राब करतात, म्हणजे फांद्या, पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात. तो पाला-फांद्या आणायच्या तर जंगलात जावं लागतं आणि तिथं आता मनाई झाली. गुरांची चराई बंद पडली. १८८० च्या दशकात महात्मा फुले यांनी शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात जंगल खात्यामुळं शेतकऱ्यांच्या गुरांचे झालेले हाल मांडले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतला असंतोष इतका वाढला की १८८५ साली मुंबई सरकारला त्यासाठी वन आयोग नेमावा लागला.

गिब्सन यांना या सगळ्याचा दोष देणं बरोबर होणार नाही, कारण हे कायदे त्यांनी केले नाहीत. पण सरकारनं जंगल ताब्यात घेतलं तर ते सगळ्यांच्या भल्याचं असतं, हे पटवून देण्यात त्यांचा वाटा मोठा होता. आणि ते पटलं, कारण सांगणारा डॉक्टर होता.

डॉक्टरच्या सत्तेचं स्वरूपच असं असतं. ती हुकमावर नाही, विश्वासावर चालते. डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं की माणूस ते मुकाट्यानं पाळतो. म्हणूनच त्याचं निदान बरोबर असून भागत नाही. ज्याला औषध घ्यायचं आहे त्याला विचारलं आहे का, पथ्य कुणाला पाळावं लागणार आहे, हेही तितकंच महत्त्वाचं ठरतं. गिब्सन यांचं निदान बऱ्याच अंशी खरं होतं. पथ्य मात्र जहाजं बांधणाऱ्यांना लागलं नाही, डोंगरातल्या घरांना लागलं.

ही गोष्ट जुनी झालेली नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्याच माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसं गाडली गेली. उतारावरची माती किती नाजूक असते हे सगळ्या राज्यानं त्या दिवशी पाहिलं. पुढं कारणांची चर्चा सुरू झाली तेव्हा अतिवृष्टी आणि डोंगराच्या रचनेबरोबरच भातखाचरांसाठी केलेल्या जमीन सपाटीकरणाकडं, पडकईकडं बोट दाखवलं गेलं. डोंगराच्या दुखण्याचा शोध पुन्हा एकदा तिथल्या शेतकऱ्याच्या कुदळीपाशी येऊन थांबत होता.

तळेघरच्या अंगणात वाळणारा हिरडा आणि त्यामागं दिसणारं फॉरेस्ट, या दोन्हींत गिब्सन यांचा काळ शिल्लक आहे. झाडी उभी आहे, भीमाशंकरचं अभयारण्य आहे, तिथं शेकरू आहे, हे राखण्याच्या त्या धोरणाचं देणं म्हणता येईल. त्या झाडीत जायला तिथल्याच माणसाला परवानगी लागते, हेही त्याच धोरणाचं देणं आहे.